डाव्या पडद्यावरचं लाल

१

नियतशो रोज सकाळचा खारट दूधचहा संपवायचा, वाडगा पालथा घालायचा आणि विमानात जाऊन बसायचा.

विमान घरातच होतं. मोडीत निघालेल्या एका जुन्या विमानाची खुर्ची, ट्रॅक्टरच्या पायपट्ट्यांपासून बनवलेले पायडल, आणि नातीने दुशान्बेहून आणलेलं सुकाणू. समोर संगणकाला जोडलेला टीव्ही, त्यात डोंगरदरीचं चालतं चित्र. घराच्या मधल्या चौकात, पाच खांबांच्या बरोबर मध्ये हा पसारा मांडलेला होता. त्यामुळे चुलीकडे जायला नियतशोच्या बायकोला, मोहबेगिमला, वळसा पडायचा, आणि प्रत्येक वळशाला ती काहीतरी बोलायची.

नात सवसन विमान चालवायची. खरंखुरं. त्यांच्या गावाचं, खोरोगचं, विमान कित्येक वर्षं बंद होतं. आजारी माणूस घाटातून गाडीने दुशान्बेला न्यायचा तर दिवस आणि रात्र लागे, आणि सगळेच पोचत नसत. आता दोन पंख्यांचं एक छोटं विमान सुरू करायचं ठरलं होतं. पण पंज नदीच्या दरीतून ते आणायला कप्तान हवा होता. दुशान्बेच्या दोघांनी परीक्षा दिली, दोघे नापास झाले. आता सवसनची पाळी होती, पुढच्याच आठवड्यात. ती पास झाली तर बर्फाच्या आधी विमान सुरू होणार होतं. नापास झाली तर फाइल बंद, आणि तिची रवानगी उत्तरेच्या सपाट मुलखात. आणि दरीत चुकली, तर पास-नापासाचा प्रश्नच उरत नव्हता.

म्हणून ती रजा घेऊन आजोबाकडे आली होती. त्या दरीतून उभा जन्म विमान नेलेला जिवंत माणूस तेवढा एकच उरला होता.

"डोंगर लांब आहे," नियतशो म्हणाला.

"कुठला, बोबो?"

"सगळेच."

सवसनने सुस्कारा सोडला. "टीव्ही एक, दरी एवढी मोठी. म्हणून दृश्याचा कोन वाढवून ठेवलाय. आता दोन्ही कडा एकदम दिसतात की नाही?"

"दोन्ही कडा एकदम गाढवाला दिसतात. त्याचे डोळे बाजूला असतात. तुझे पुढे आहेत."

त्याने हात सरळ पुढे धरला आणि मूठ वळली. दरीतले जुने वैमानिक असंच मोजत. हात ताणून धरलेली मूठ आभाळाचा ठरावीक तुकडा झाकते. माणूस बदलला तरी फारसा फरक पडत नाही, कारण मोठ्या मुठीला हातही लांब असतो. नदीच्या मध्यावरून वळणावरचा काळा कडा दोन मुठींचा दिसला, की वळायची वेळ झाली. कागदावर हे कुठेच नव्हतं.

टीव्हीवर काळा कडा अंगठ्यामागेही लपला.

"बघ. सगळी दरी कोंबून बसवलीस, म्हणून सगळं लहान झालं. लहान म्हणजे लांब. ह्या चित्रावर भरवसा ठेवून वळशील, तर वळायच्या आधी कड्याच्या पोटात असशील."

"मग कोन कमी करते." तिने आकडा खाली आणला. कडा मोठा झाला. पण आता दरीचा एक तुकडाच उरला, कुलपाच्या भोकातून बघावा तसा. डावीकडचं काही नाही, उजवीकडचं काही नाही.

"आता आकार खरा आहे," ती म्हणाली, "पण मी आंधळी आहे."

तिचं बरोबर होतं, आणि तिला तसं सांगायची नियतशोला सवय नव्हती.

२

दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

सवसनने आधी डोळ्यांवर बांधायचा डबा आणला. तो बांधला की मान वळवू तिकडे दरी दिसते, कोनाचा प्रश्नच राहत नाही. नियतशोने तो बांधला आणि सुकाणू शोधताना चहाचा वाडगा सांडला.

"हात कुठे गेले माझे?"

"हात दिसत नाहीत त्यात, बोबो. सवयीने सापडतात."

"स्वतःचे हात न दिसणारा वैमानिक मी पाहिला नाही. काढ हे."

सवसनलाही त्यात घड्याळांचे आकडे पुसट दिसत आणि थोड्या वेळाने मळमळे. डबा खोक्यात गेला.

मग शाळेतला प्रोजेक्टर आणला. चित्र मोठं आलं, पण घराची भिंत मातीची, हाताने लिंपलेली. काळा कडा तिच्यावर पोट सुटल्यासारखा दिसायचा. शिवाय सवसन जरा उंच बसली की तिच्याच डोक्याची सावली नदीत पडायची.

"तीन टीव्ही," सवसन शेवटी म्हणाली. "एक समोर, दोन बाजूंना तिरके. तिन्हींचा कोन खरा. जागा खाईल, पण दुसरा मार्ग नाही."

"आणि दोन टीव्ही आणायचे कुठून?"

मोहबेगिमने ओढणी डोक्यावर घेतली आणि बाहेर पडली. तासाभरात ती परतली तेव्हा मागून दोन शेजारी एकेक टीव्ही छातीशी धरून येत होते.

"हा घ्या," त्यातला एक म्हणाला. "पण पोरगी पास व्हायला पाहिजे. आमच्या घरी आठवडाभर मालिका बंद आहे. बायको माझ्याशी बोलायला लागलीय. मला सवय नाही."

उजवा टीव्ही सहज बसला. डाव्याच्या वाटेत खांब आला. घराचे खांब हलवायचे नसतात. त्यांना नावं असतात, मान असतो. सवसन टेप घेऊन विचार करत उभी राहिली. नियतशो खुर्चीत बसला आणि एकाएकी हसला. त्याचं हसू घरात क्वचितच कोणी पाहिलं होतं.

"खांबाच्या पलीकडे लाव टीव्ही."

"मध्ये खांब येईल ना."

"यायलाच पाहिजे. विमानाच्या समोरच्या काचेच्या आणि डाव्या खिडकीच्या मध्ये असाच दांडा असतो. बसल्या जागेवरून एवढाच जाड दिसतो. तो नव्हता म्हणून मला इतके दिवस चुकल्यासारखं होत होतं."

सवसनने खांबाची जाडी मोजून संगणकात भरली, म्हणजे खांबामागचा दरीचा तुकडा चित्रातून वगळला जाईल आणि रेषा इकडून तिकडे सरळ जाईल. मग तिने आजोबाच्या भुवईपासून काचेपर्यंत टेप लावला, काचेची रुंदी घेतली, आणि त्या दोन मापांतून निघाला तो कोन भरला. मनाचा आकडा कुठेच नव्हता.

छतातल्या झरोक्यातून पडद्यांवर उजेड पडत होता. मोहबेगिमची कुरकूर ऐकत नियतशोने झरोक्यावर लोकरीचा जाड नमदा ओढला. झरोका बर्फ पडतो तेव्हाच झाकायचा असतो, असं तिचं म्हणणं होतं.

घर अंधारलं. दरी उघडली.

नियतशोने सुकाणू धरलं. खाली नदी. उजवीकडे डोंगर पंखाला लागेल इतका जवळ, आणि तो तसाच असायला हवा होता. पाय आपोआप पायडलवर ताठ झाले. समोर काळा कडा वाढत आला. त्याने मूठ धरली.

दोन मुठी. ना कमी, ना जास्त.

"झालं," तो म्हणाला. "हीच ती."

सवसनने दोन्ही हात वर करून आळस दिल्यासारखं केलं, पण ती जिंकली होती हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मोहबेगिमनेही चुलीवरून मान उंचावून बघितलं.

"आणि ते लाल काय आहे?" तिने विचारलं.

खांबाच्या पलीकडे, डाव्या पडद्याच्या कडेला, वळणावरच्या उतारावर एक लाल ठिपका होता. करंगळीच्या नखाएवढा.

३

"डाग असेल," सवसन म्हणाली. तिने फडकं मारलं. डाग नव्हता.

"पडदा बिघडलाय." डावा टीव्ही उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. लाल आपल्या जागी, दरीच्या डाव्या उतारावरच राहिलं.

"मग नकाशातच आहे. उपग्रहाच्या फोटोवरून केलेलं चित्र आहे, एखाद्याचा ट्रक आला असेल फोटोत." तिने मूळ फोटो उघडला आणि तो उतार मोठा करून पाहिला. नुसती दगडांची घसरण. राखाडी.

नियतशोला तो उतार माहीत होता. त्या उतारावर पूर्वी मूठभर घरं होती. त्यांना नोवदरा म्हणत, कारण त्याच नावाची आडवी दरी तिथे मोठ्या दरीला मिळते. आडव्या दरीतला वारा कधी सुटेल ते खालच्या माणसाला कळत नाही. आभाळ निळं असतं, पान हलत नाही, आणि वळणापलीकडे वारा दार फुटल्यासारखा कोसळतो. दुशान्बेकडून येताना वळणाच्या अलीकडे दरी जरा रुंद आहे. मागे फिरायला तेवढी एकच जागा.

नोवदऱ्याच्या सगळ्यात वरच्या घरात नेकबख्त खोला, सगळ्यांची मावशी, राहायची. तिच्या छपराला वारा सगळ्यांच्या आधी लागायचा. वारा सुटला की ती सगळं छप्पर झाकेल अशी लाल रजई पसरायची. चार-पाच जुन्या रजया जोडून तिनेच ती शिवली होती. चारी कोपऱ्यांवर ती चुना लावलेले दगड ठेवायची. लाल दिसलं की वैमानिक मागे फिरत. वारा पडला की ती रजई काढायची, मग ते येत. हे काम तिला कोणी सांगितलं नव्हतं. वैमानिक तिला दुशान्बेहून साखर आणून देत.

एका वसंतात चिखलाचा लोंढा आला आणि नोवदरा नदीत गेलं. सगळं. त्याला आता जमाना झाला होता.

"बोबो, आकडा बदलून बघते." सवसनने कोन वाढवला. काळा कडा आकसला, नदी दोरीएवढी झाली, सगळी दरी लांब पळाली. तिने कोन कमी केला. कडा फुगला, दगड कलिंगडाएवढे झाले.

लाल तेवढंच राहिलं. नियतशो दर वेळी हात ताणून करंगळी धरत होता. नखाएवढं. पुन्हा नखाएवढं.

"असं होत नाही," सवसन म्हणाली. "चित्रातली प्रत्येक गोष्ट त्या आकड्याने बांधलेली असते. एक सुटी राहूच शकत नाही."

"मग ती चित्रात नाही," मोहबेगिम म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

४

ते वाक्य नियतशोच्या डोक्यात बसलं.

दुपारी सवसन गावात गेली होती. त्याने विमान वळणाच्या अलीकडे आणलं आणि चित्र थांबवलं. नदी थिजली. पाण्यावरचा फेसही जागच्या जागी राहिला. लाल दिसत होतं.

तो विचार करणारा माणूस होता. शाळा फार झाली नव्हती, पण जे हातात आहे ते तपासल्याशिवाय सोडायचं नाही, ही त्याची शिस्त होती. त्याने डोकं डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. सपाट चित्रापुढे डोकं हलवलं तर चित्रातलं काही हलत नाही. भिंतीवरचा फोटो आपल्या हलण्याने बदलत नाही, तसंच. काही लोक डोक्याचा माग घेणारं यंत्र लावतात, ते ह्या घरात नव्हतं.

कडा हलला नाही. नदी हलली नाही.

लाल सरकलं.

डोकं डावीकडे गेलं की ते पडद्याच्या डाव्या चौकटीकडे सरके. डोकं उजवीकडे गेलं की चौकटीपासून सुटून आत येई. खिडकीबाहेरची वस्तू सरकते तसं. नियतशो हळूच खुर्चीतून उठला, खांबाला धरून वाकला, गाल जवळजवळ खांबाला लावला. आता लालच्या बाजूला पांढरं काहीतरी दिसलं. एक बारीक पांढरा ठिपका.

चुना लावलेला दगड.

तो मागे सरला. खुर्चीत बसला. घरात कणकेचा वास होता, बाहेर कोणाचं तरी रेडिओवरचं गाणं चालू होतं. त्याने पडद्याच्या मागे जाऊन पाहिलं. मागे तारा, धूळ आणि मातीची भिंत. त्याने भिंतीला तळवा लावला. भिंत गार होती. सावलीतली भिंत असते त्याहून गार होती, की त्यालाच तसं वाटत होतं, हे त्याला ठरवता आलं नाही.

सवसन परतल्यावर त्याने तिला एवढंच सांगितलं, "लाल दिसलं तर वळणाच्या अलीकडून मागे फिरायचं. पुन्हा बघायचं. गेलं की यायचं."

"परीक्षेत?"

"परीक्षेत."

"बोबो, परीक्षक झुहूरोव शेजारी बसणार आहेत. कारण नसताना मागे फिरलं की ते नापास करतात. दुशान्बेच्या दुसऱ्या मुलाला त्याच्यासाठीच घालवलं. म्हणाले, घाबरट कप्तान मला नको." तिने सुकाणूवरचा हात काढला. "आणि ते खऱ्या दरीत कशाला दिसेल? हा आपल्या टीव्हीतला घोळ आहे. मी पुन्हा एकच टीव्ही लावते, मोठा कोन ठेवते. लाल दिसणारच नाही."

"काळा कडाही खरा दिसणार नाही."

खरा कोन हवा, तर लालही घ्यावं लागत होतं. लाल नको, तर कडा खोटा व्हायचा. सवसनने आकडा एकदा वाढवला, पुन्हा होता तिथे आणला.

"बोबो, तुम्ही मला घाबरवताय का?"

"मी तुला डावीकडे बघायला शिकवतोय."

तिने पुन्हा सुकाणू धरलं. त्या आठवड्यात तिने तो रस्ता इतक्या वेळा केला, की मोहबेगिमही पोळी लाटताना "आता डावीकडे" म्हणू लागली. कधी लाल असायचं, कधी नसायचं. असलं की सवसन फिरायची. तिने कारण विचारायचं सोडलं. नियतशोने मात्र एक गोष्ट मनाशी धरली होती, आणि ती तो कोणाला बोलला नाही. ज्या दिवशी लाल असे, त्या दिवशी उशिरा का होईना, वरून येणारे ट्रकवाले वळणावरच्या वाऱ्याला शिव्या घालत येत.

५

परीक्षेची सकाळ काचेसारखी स्वच्छ होती. चिनारांची पानं गप्प होती.

सगळं गाव धावपट्टीकडे निघालं. कोणी सुकी तुती घेतली, कोणी थर्मास घेतले. सवसन आदल्या दिवशीच दुशान्बेला गेली होती. तिथून झुहूरोवना शेजारी बसवून ती निघणार होती.

"चल की," मोहबेगिम दारातून म्हणाली. "नात येतेय आणि तू टीव्ही बघत बसणार?"

"तू हो पुढे."

"लोक विचारतील."

"सांग, म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात."

"जिभेशिवाय तुझं काही दुखलेलं मी पाहिलं नाही," ती म्हणाली आणि गेली.

नियतशोने नमदा ओढला, पडदे लावले, विमान वळणाच्या अलीकडे नेऊन थांबवलं. डावीकडे पाहिलं.

लाल होतं.

त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचं टाळलं. ह्या वेळी ती वाटेतल्या रुशान गावाच्या वर असेल. आभाळ निळं. शेजारी झुहूरोव, मांडीवर पाटी, ओठ मिटलेले. वळायला कारण नाही. कुठलंच कारण नाही. एका म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून ती सगळं घालवणार होती. किंवा घालवणार नव्हती, आणि तेच वाईट होतं. तिला कळवायला त्याच्याकडे काही साधन नव्हतं. असतं तरी काय सांगणार होता? टीव्हीत रजई आहे म्हणून?

तो कानोसा घेत राहिला. इंजिनाचा आवाज नाही.

मग छपरावरून काहीतरी सरपटत गेलं. नमद्याची कड फडफडली. कुठेतरी पत्रा वाजला. चिनार एकदम बोलायला लागले. लांबून एक जड आवाज आला, आणि समोरचा पडदा विझला. उजवा विझला. संगणकाचा पंखा घरघरत थांबला. वीज गेली होती.

डावा पडदा विझला नाही.

नियतशो जागच्या जागी बसून राहिला. घरात अंधार होता, आणि डाव्या चौकटीतून सकाळचा उजेड आत येत होता. डोंगरावरचा, उंचावरचा, पांढरा उजेड. खांबाची सावली त्या उजेडाने फरशीवर लांब पडली होती. चुलीतली राख किंचित उडाली.

त्याने स्वतःला सांगितलं की टीव्ही काही वेळ उजेड धरून ठेवत असेल. त्याने असंही सांगितलं की हे खरं नाही, टीव्ही उजेड धरून ठेवत नाहीत. मग तो उठला, खांबाला हात लावला आणि वाकला.

छप्पर दिसलं. सपाट, मातीचं. त्यावर लाल, वाऱ्याने फुगलेलं, चारी कोपऱ्यांवर पांढरे दगड. तो बघत राहिला. किती वेळ, ते त्याला नंतर सांगता आलं नाही. लाल फुगायचं थांबलं. सपाट झालं. मग खालून, शिडीवरून यावी तशी, एक बाई वर आली. तिने एक दगड उचलून बाजूला ठेवला. दुसरा. तिसरा. फेकला एकही नाही. चौथा ठेवला आणि कमरेवर हात धरून जरा थांबली, वयस्क बाई थांबते तशी. मग लाल गोळा करत गेली, छातीशी धरत, घडी घालत.

घडी बगलेत घेऊन ती सरळ उभी राहिली. तोंड त्याच्याकडे होतं. चेहरा दिसण्याइतकी ती जवळ नव्हती, आणि त्याबद्दल नियतशोने पुढे जन्मभर आभार मानले.

तिने एक हात सरळ पुढे ताणला आणि मूठ वळली.

ती मापत होती. तो किती लांब आहे ते.

तिचा हात तसाच होता. काही मिनिटांनी घरावरून इंजिनांचा आवाज गेला. दोन पंखे, एका सुरात, खाली, आणखी खाली. ताटं खणखणली. नियतशो वळला, आणि परत पाहिलं तेव्हा डावा पडदा काळा होता. त्यात खांबाला धरून उभा असलेला एक म्हातारा होता. तो हसत होता की ओक्साबोक्शी रडत होता, ते अंधारात कळत नव्हतं.

६

तो धावपट्टीवर पोचला तेव्हा सवसन लोकांच्या खांद्यावर होती आणि मला खाली ठेवा म्हणून ओरडत होती. कोणी डफ काढले होते. ज्याच्या घरी मालिका बंद होती तो सगळ्यांना सांगत होता की यात अर्धी मेहनत त्याच्या टीव्हीची आहे. मोहबेगिम नवऱ्याला बघून फक्त म्हणाली, "गुडघे बरे झाले वाटतं."

झुहूरोव विमानाच्या पंखाला टेकून उभे होते. जाड, कोरडा माणूस. हातात थर्मासचा पेला होता.

"तुम्ही आजोबा?"

"हो."

"वळणाच्या अलीकडे ती मागे फिरली. आभाळ स्वच्छ. मी विचारलं, का? म्हणाली, लाल. मला काही लाल दिसलं नाही. मी मनात तिला तिथेच नापास केलं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "फेरी मारून तोंड वळवलं, तर वळणातून धुळीची भिंत बाहेर आली. दगड उडत होते. आम्ही सरळ गेलो असतो तर तिच्या पोटात असतो. मग ती घिरट्या घालत राहिली. एकाएकी म्हणाली, काढली, आणि आली आत. तेव्हा वारा पडलेला होता."

"मग?"

"मग काय. पास. मी बावीस माणसांना पास केलंय, असं विमान त्यांतल्या एकानेही आणलेलं नाही. पण मागे फिरायचं कारण काय लिहू?"

"वारा लिहा."

"तेव्हा वारा नव्हता."

"आला की नाही?"

झुहूरोवनी खिशातून पेन काढलं आणि लिहिलं.

नियतशोची छाती त्या दिवशी कोटात मावत नव्हती. दरी उघडली होती. त्याच्या नातीने उघडली होती.

गर्दी पांगल्यावर सवसन त्याच्या बाजूला येऊन बसली. हाताला तुतीचा चिकटपणा लागला होता, तो ती पुसत होती.

"बोबो, तिने रजई काढल्यावर हात असा पुढे धरला. मूठ वळून."

"तुझ्याकडे बघून?"

"मला वाटलं माझ्याकडे. पण मी तर पुढे सरकले होते, आणि तिचा हात हलला नाही. तो खाली होता. गावाच्या दिशेला." तिने बोट त्याच दिशेला केलं. "आपल्या घराकडे."

"डावीकडे बघितलंस ना," नियतशो म्हणाला. "मग झालं."

७

पहिल्या विमानात कप्तानाच्या आजोबाला जागा द्यायची, हे गावानेच ठरवलं. खिडकीची, डाव्या बाजूची.

त्या सकाळी त्याने चहा संपवला, वाडगा पालथा घातला. टीव्ही ज्याचे त्याच्या घरी गेले होते. चौक मोकळा होता आणि मोहबेगिम उगाचच चुलीकडे सरळ जाऊन येत होती. झरोक्यातून ऊन खांबावर पडलं होतं.

"घाबरलास का?" तिने विचारलं.

"कशाला?"

"तू काल झोपेत मूठ धरून हात ताणत होतास."

त्याने कोट घातला.

विमान उठलं तेव्हा आत टाळ्या पडल्या. मागे एक आजारी बाई उशीला टेकून बसली होती, तिचा मुलगा पुनःपुन्हा म्हणत होता, जेवणाच्या वेळेला आपण दुशान्बेत, आई, जेवणाच्या वेळेला. नियतशोला ते ऐकायला गोड लागत होतं. काही मिनिटांत वळण आलं. ह्या बाजूने जाताना उतार उजवीकडे येणार होता, हे त्याला माहीत होतं. पण वळण पार झाल्यावर दरी रुंद होते तिथे सवसनने एक सावकाश फेरी घातली, डावा पंख खाली करून. कारण कोणाला सांगितलं नाही. ते त्याच्यासाठी होतं.

खिडकीत उतार फिरून आला. घर नव्हतं. भिंत नव्हती. नुसती राखाडी घसरण, डोंगरापासून नदीपर्यंत. लाल कुठेही नव्हतं. म्हणजे वाट मोकळी होती.

त्याने सवयीने करंगळी काचेवर धरली. मग बाजूला केली.

नखामागे चार पांढरे दगड होते. चौकोनात मांडलेले, ताज्या चुन्याचे. मधली जागा झाडून स्वच्छ केलेली होती.

विमान सरळ झालं. इंजिनांचा सूर चढला, मागचा मुलगा आईला खिडकीतून नदी दाखवू लागला. नियतशोने हात ताणला आणि मूठ वळली. ह्या वेळी त्याला काही मापायचं नव्हतं. उतार दिसेनासा होईपर्यंत त्याने ती तशीच उंच धरून ठेवली.